मागायला लिहीत नाही

१० डिसेंबर

प्रिय ढब्बू,

आधीच सांगते, घाबरू नकोस. पाकिटावरचं माझं अक्षर बघून तुझ्या मनात जे आलं असेल ते झालेलं नाही. तुझ्याकडून आलेलं लिव्हर ठणठणीत आहे. वर्षाची तपासणी परवाच झाली. मोठे डॉक्टर, ज्यांनी तुला एका टेबलावर आणि मला शेजारच्या खोलीतल्या टेबलावर झोपवलं होतं, ते सोनोग्राफीच्या पडद्याकडे बघून म्हणाले की काय सुरेख बसलंय, जणू जन्मापासून इथलंच. मग त्यांनी दोन शिकाऊ डॉक्टरांना बोलावून माझं पोट दाखवलं. मी एखाद्या प्रदर्शनातल्या फुलकोबीसारखी पडून होते.

फोन तू उचलत नाहीस, ते मी मनावर घेतलेलं नाही. जाताना तू म्हणालास की लिहायचं तर लिही, वाचीन, पण फोनवर मला तुझा तो आवाज नको. तो आवाज म्हणजे कोणता, हे तुझ्या भावजींनीच मला समजावलं. म्हणाले, तू त्याच्याशी बोलतेस ना, तेव्हा देवळातल्यासारखी बोलतेस. तर या पत्रात तो आवाज येणार नाही. आभार मानणार नाही, तुझी तब्येत विचारणार नाही.

बातम्या सांगते. आमच्या दातांच्या लॅबचे मालक आता चष्मा लावूनही मेणातला दात कोरू शकत नाहीत, त्यामुळे अवघड काम सगळं माझ्याकडे येतं. गेल्या आठवड्यात एका गायिकेचे पुढचे सहा दात केले. दातांच्या डॉक्टरांनी निरोप पाठवला की बाई आरशासमोरून हलेनात. आईचा गुडघा कुरकुरतो, आई त्याहून जास्त. भावजी अजून लिफ्ट दुरुस्त करत फिरतात आणि घरी आल्यावर जिना चढताना दम लागतो म्हणून तक्रार करतात.

माझ्या पायांवर थोडे लाल ठिपके आलेत, नडगीवर. मोज्यांच्या इलॅस्टिकने आले असणार. थंडीही यंदा जरा जास्तच आहे.

ज्या विषाणूने माझं जुनं लिव्हर खाल्लं, तो रक्तात आहेच. नवीन लिव्हर आलं तरी रक्त जुनंच, तो त्यातही शिरणार, हे ऑपरेशनच्या आधीच आपल्या दोघांना सांगितलं होतं, आठवतं ना. पण तो शांत आहे असं मोठे डॉक्टर म्हणतात. जुन्या इंजेक्शनांनी माझी दैना झाली होती, म्हणून नव्या गोळ्या सावकाश बघू म्हणाले. काळजीचं काही नाही.

उत्तर नाही आलं तरी चालेल.

ताई

४ जानेवारी

प्रिय ढब्बू,

तुझं कार्ड मिळालं. पुढे बंदरावरच्या क्रेनचा फोटो आणि मागे दोनच शब्द, 'वाचलं. बरं.' आईने ते फ्रिजवर लावलंय आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते की त्यातल्या सगळ्यात उंच क्रेनवर तू बसतोस. खरं आहे का ते? मी तो फोटो बघताना फ्रिजचं दार धरून उभी राहते.

एक गंमत सांगते. परवा भाजी घेऊन घरी आले, दारात चपला काढायला वाकले तर एका पायात चप्पलच नाही. रस्त्यात कुठेतरी निघून गेली आणि मला पत्ता नाही. सगळा डांबरी रस्ता एक पाय अनवाणी चालत आले. तळव्यात काचेचा बारीक तुकडा रुतला होता, तो आईला दिसला. मला दुखत नव्हतं. भावजी म्हणाले, सिंड्रेला झालीस, फक्त राजपुत्र आधीच गळ्यात पडलाय. आम्ही खूप हसलो.

नंतर मी बाथरूममध्ये जाऊन पायाची बोटं एकेक करून चिमटली. कुणा दुसऱ्याचीच बोटं चिमटतेय असं वाटलं.

लॅबमध्येही एक झालं. मेण वितळवायची हत्यारं आम्ही स्पिरिटच्या दिव्यावर गरम करतो, तुला माहीत आहे, लहानपणी तू त्या दिव्याशी खेळायला यायचास. मी एका दाढेत गुंतले होते आणि मला काहीतरी जळल्याचा वास आला. मेण असेल म्हणून मी तशीच काम करत राहिले. मालकांनी ओरडून माझा हात ओढला. ज्योतीला माझं करंगळीजवळचं बोट लागून राहिलं होतं. फोड आला, आता सुकलाय. त्या दिवसापासून मालक माझं प्रत्येक काम डॉक्टरांकडे जायच्या आधी स्वतः भिंगाखाली बघतात. त्यांना वाटतं मला कळत नाही.

ठिपके वाढलेत. आता ते लाल नाहीत, जांभळे आहेत, आणि दाबले तरी जात नाहीत. भावजी रोज टॉर्च घेऊन माझे पाय तपासतात, लिफ्टची केबल तपासावी तसे.

मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी पुन्हा लिव्हरच्या तपासण्या केल्या आणि पुन्हा खूश झाले. हातापायांना मुंग्या येतात त्या अवयव टिकवायच्या गोळ्यांमुळे असतील म्हणाले, आणि गोळी थोडी कमी केली. गोळी कमी केली आणि माझ्या शरीराने लिव्हर ओळखलं तर? परकं आहे म्हणून त्याच्यावर धावून गेलं तर? मी विचारलं तर ते म्हणाले, आम्ही लक्ष ठेवतो ना. मी आता झोपताना उजव्या कुशीवर हात ठेवून झोपते. वेडेपणा आहे, माहीत आहे.

हे सगळं तुला का लिहिते आहे? भावजींना सांगितलं तर ते विनोद करतात आणि मग गॅलरीत जाऊन बराच वेळ उभे राहतात. आईला सांगायची सोय नाही. तू लांब आहेस म्हणून तुला सांगता येतं.

पण हे वाचून तू काही करायचं नाहीयेस. फक्त वाच.

ताई

२२ जानेवारी

प्रिय ढब्बू,

आनंदाची बातमी. रिपोर्ट चांगला आला.

तुला मधलं सांगितलंच नव्हतं. माझे डोळे सकाळी सुजायला लागले होते. चेहरा असा फुगायचा की आई म्हणाली, रात्रभर रडतेस का? लघवीला फेस यायचा, साबण कालवल्यासारखा. तपासली तर त्यातून प्रथिनं वाहून जात होती, म्हणून मला किडनीच्या डॉक्टरांकडे पाठवलं. बाई आहेत, माझ्याच वयाच्या, हळू बोलणाऱ्या. त्यांनी लिव्हरबद्दल एक शब्द विचारला नाही. मला पलंगावर बसवून त्यांनी एक लोखंडी चिमट्यासारखी वस्तू टेबलावर आपटली, ती गुणगुणायला लागली, आणि तिचा दांडा माझ्या अंगठ्यावर टेकवला. म्हणाल्या, थरथर थांबली की सांगा. मी म्हटलं, सुरू केलीत का? त्यांनी दांडा माझ्या गुडघ्यावर टेकवला तेव्हा कुठे मला थरथर कळली.

त्यांना एक शंका होती. विषाणूमुळे रक्तात एक प्रकारची प्रथिनं तयार होतात आणि ती थंडीने गोठतात, असं काहीतरी. त्याची तपासणी करायला सांगितली. तीच काल आली आणि त्यात काही नाही निघालं. ती प्रथिनं माझ्यात नाहीत.

भावजी आइस्क्रीमचा मोठा डबा घेऊन आले. आईला कारण माहीत नव्हतं, पण तिने दोनदा घेतलं. मी बऱ्याच दिवसांनी झोपले.

किडनीच्या डॉक्टरांना मात्र समाधान नाही. रिपोर्ट हातात धरून त्यांनी विचारलं, रक्त कुठे घेतलं, कसं नेलं. मी सांगितलं की घरी माणूस आला होता, नळी त्याने इतर नळ्यांबरोबर बर्फाच्या पेटीत ठेवली. त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, पुन्हा करू. थंडीत जे गोठतं ते शोधायचं असेल तर रक्त आधी उबेत न्यावं लागतं. पेटीतच ते खाली बसलं असेल आणि गाळासकट फेकलं गेलं असेल.

मी म्हटलं, पण रिपोर्टमध्ये तर नाही लिहिलंय. त्या म्हणाल्या, हो, लिहिलंय.

तर पुन्हा करायचंय. पण मला वाटतं पहिलाच बरोबर असणार. छापून आलंय ना ते.

ताई

६ फेब्रुवारी

प्रिय ढब्बू,

पहिला बरोबर नव्हता.

या वेळी रक्त घ्यायला दवाखान्यातच गेले. लॅबची बाई कोमट पाण्याचा थर्मास घेऊन उभी होती. नळी भरली तशी तिने ती पाण्यात सोडली, झाकण लावलं आणि थर्मास छातीशी धरून अशी निघाली, की तिच्या कुशीत तान्हं मूल असावं. नंतर रक्ताचं पाणी वेगळं करून ते फ्रिजमध्ये ठेवतात आणि वाट बघतात.

किडनीच्या डॉक्टरांनी मला ती नळी दाखवली. मीच हट्ट केला होता. तळाशी पांढरा गाळ बसला होता, फाटलेल्या दुधासारखा. मग त्यांनी नळी माझ्या मुठीत दिली आणि म्हणाल्या, धरून ठेवा. मी धरली. थोड्या वेळाने मूठ उघडली तर गाळ विरघळला होता, पाणी स्वच्छ. त्यांनी नळी परत थंडीत ठेवली. तो पुन्हा येणार होता.

मी आयुष्यभर मेण वितळवलं आणि गोठवलं. पण ते टेबलावर असतं रे. हे माझ्या आत चाललंय.

त्यांनी सांगितलं ते मला समजलं तसं सांगते. विषाणू लिव्हरमध्ये शांत बसलाय हे खरं. पण त्याला मारायला शरीर जे तयार करतं, ते त्यालाच चिकटतं, त्याचे गठ्ठे होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांमध्ये जाऊन अडकतात. कातडीखाली अडकले की ठिपके. हातापायांना जाणीव देणाऱ्या नसांपाशी अडकले की चप्पल हरवते. आणि किडनीच्या गाळणीत अडकले की फेस. म्हणजे लिव्हर उत्तम आहे, आणि बाकी घर हळूहळू पोखरलं जातंय. हे आजवर कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण माझ्याकडे बघणारा प्रत्येक जण आधी लिव्हरकडे बघायचा. मीसुद्धा.

पाठीतून सुई घालून किडनीचा तुकडा काढला, त्यातही तेच निघालं. किडनीचं काम निम्म्याच्या खाली आलंय. आता विषाणूच्या नव्या गोळ्या ताबडतोब सुरू करायच्या, आणि ते गठ्ठे तयार करणाऱ्या पेशींना मारायला सलाईनमधून एक औषध. त्या औषधाने अंगातली उरलीसुरली ताकद खाली येईल, साधा ताप महागात पडेल. नवीन गोळ्यांचं आणि अवयव टिकवायच्या गोळ्यांचं पटलं नाही तर लिव्हरही सांभाळावं लागेल. सगळं एकमेकांत अडकलंय, लोकरीचा गुंता झाल्यासारखं. एक टोक ओढलं की दुसरीकडे गाठ.

मला लिव्हरची भीती सगळ्यात जास्त वाटते. माझं काही झालं तर माझं होईल. पण ते माझं एकटीचं नाही.

बघ, आला ना तो आवाज. खोडत नाही, राहू दे.

त्या दिवशी आई माझ्यासोबत आली होती. तिला आता सगळं कळलंय. दवाखान्यात ती काहीतरी बोलली, ते जाऊ दे.

ताई

१२ फेब्रुवारी

ढब्बू,

आईचा फोन आला तर उचलू नकोस. तू तसाही उचलत नाहीस, पण ती शेजाऱ्यांच्या फोनवरून करेल, तुझ्या कंपनीत करेल. तिने भावजींकडे कंपनीचा नंबर मागितलाय. त्यांनी दिला नाही, पण ती शोधून काढेल.

ती काय बोलली ते सांगतेच, दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा बरं. डॉक्टर समजावत होत्या की औषधं लागू पडली तर किडनी सावरेल, नाही पडली तर पुढे कधीतरी डायलिसिस, आणि आणखी पुढे दुसरी किडनी, पण ते आत्ता बोलायचंच नाही. आईने बाकी काही ऐकलं नाही. ती खुर्चीतून उठली आणि म्हणाली, "माझा मुलगा आहे. त्याने एकदा दिलंय, तो देईल."

डॉक्टरांनी तिला खाली बसवलं, सांगितलं की एकदा दिलेल्या माणसाला पुन्हा टेबलावर घ्यायला सहसा कुणी तयार होत नाही, आणि ती वेळही आलेली नाही. आईने मान डोलावली. घरी येताना रिक्षात मला म्हणाली, डॉक्टर लोक आधी नाहीच म्हणतात. मागच्या वेळीही म्हणाले होते की आधी तपासण्या करू.

मी तिच्यावर कधी आवाज चढवत नाही, तुला माहीत आहे. त्या दिवशी चढवला. रिक्षावाल्याने वळून बघितलं. ती रडली नाही. म्हणाली, "तुम्ही दोघंही माझेच. एकाचं काढून दुसऱ्याला लावलं तर ते माझ्या घरातच राहतं." ती दुष्ट नाही. ती घाबरलीय आणि तिला एकच उपाय माहीत आहे, कारण तो एकदा चालला होता.

मला आठवतं, ऑपरेशननंतर तू घरी गेलास आणि आठवड्यात परत आलास, तापाने फणफणलेला. आत पित्त झिरपत होतं. तुझ्या बरगडीखालून नळी बाहेर काढली होती आणि तू ती पिशवी शर्टाखाली लपवून मला भेटायला यायचास, मला वाईट वाटू नये म्हणून. ते मी तेव्हाच बघितलं होतं.

आता माझी अडचण समजून घे. मी डिसेंबरपासून तुला लिहितेय आणि प्रत्येक पत्रात माझी तब्येत थोडी थोडी बिघडत गेलीय. तुझ्या जागी मी असते तर हेच म्हणाले असते, की ताई हळूहळू मुद्द्यावर येतेय. तसं नाही. मी मागायला लिहीत नाही. मी भीतीने लिहितेय. उद्या माझ्या दोन्ही किडन्या बंद पडल्या तरी तुझं नाव मी कागदावर येऊ देणार नाही. भावजींनाही शपथ घातलीय.

या पत्राला उत्तर देऊ नकोस. काहीही दिलंस तरी मी त्यात अर्थ शोधत बसेन.

ताई

३ मार्च

प्रिय ढब्बू,

उत्तर देऊ नकोस म्हटलं आणि तू खरंच दिलं नाहीस. पूर्वी माझं एवढं ऐकत नव्हतास.

दवाखान्यातून लिहितेय. सलाईनच्या औषधाचा दुसरा डोस चालू आहे. पहिल्या वेळी थंडी भरून आली, दात असे वाजायला लागले की नर्स म्हणाली, तुमच्याच लॅबचे का? मला हसायला आलं, पण अंग इतकं थरथरत होतं की हसणं आणि कापणं वेगळं करता येईना. तिने चार ब्लँकेट घातली. मला सारखं वाटत होतं, आता अंग गार पडलंय, आता आतलं सगळं साकळतंय, त्या नळीतल्यासारखं. मी मुठी घट्ट आवळून पडले होते.

भावजींनी घर हमाम करून ठेवलंय. सगळ्या खिडक्यांच्या फटी चिकटपट्टीने बंद, नळाला गरम पाणी, मला घरातही हातमोजे. आईला उकडून हैराण व्हायला होतं, पण ती तक्रार करत नाही. ती माझ्याशी फारसं बोलतच नाही. रोज संध्याकाळी शेजारच्यांकडे जाऊन बसते. मी विचारत नाही कशाला.

समोरच्या पलंगावर एक सुतार आहेत. त्यांनाही लिव्हर मिळालंय, कुणा अनोळखी माणसाचं, अपघातात गेलेल्या. ते म्हणाले, ज्याचं आहे तो गेलेला आहे, मला कुणाला तोंड दाखवायचं नाही. मग मला म्हणाले, तुमचं बरं आहे, सख्ख्या भावाचं. मी हो म्हटलं. माणूस चांगला आहे, त्याला काय सांगायचं.

अजून काही कळत नाही. गोळ्या रोज वेळेवर घेते. रक्त दर आठवड्याला जातं. ठिपक्यांचा रंग फिका झालाय असं भावजी म्हणतात, पण ते काहीही म्हणतील. कालचा किडनीचा आकडा आधीपेक्षा वाईट होता. डॉक्टर म्हणाल्या, पहिले काही दिवस असं होतं. त्या म्हणाल्या ते खरं असेल. पण सांगताना त्यांनी माझ्याकडे न बघता फाइलकडे बघितलं.

मालकांनी निरोप पाठवला की जागा तुमचीच आहे. मग खाली लिहिलं होतं, कोरायचं काम तूर्त दुसऱ्याकडे देतो.

मला मरायची भीती वाटते, ढब्बू. लिव्हरच्या वेळी वाटली नव्हती. तेव्हा इतकी आजारी होते की भ्यायलाही शुद्ध नव्हती. आता सगळं कळतं.

ताई

९ एप्रिल

प्रिय ढब्बू,

काल फोनवर मला नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहितेय. भावजी म्हणाले, फोनवर नुसतं हुं हुं करायचं आणि मग दोन पानं खरडायची ही कुठली पद्धत. पण मला अशीच जमते.

फोन वाजला तेव्हा मी गॅलरीत उन्हात पाय पसरून बसले होते. आईने आणून दिला आणि ती तिथेच उभी राहिली, चेहरा पांढरा. मला वाटलं कुणीतरी गेलं. मग तुझा आवाज आला. चार वर्षांनी. तू 'कशी आहेस' म्हटलं नाहीस. तू म्हणालास, "ताई, आईने विचारलं. मी नाही म्हणतोय. तुला मी स्वतः सांगायला हवं होतं."

मी नुसतं हुं केलं, म्हणून तुला वाटलं मी दुखावले. तू घाईघाईने सांगत गेलास. की तुला अजून दवाखान्याच्या वासाने उलटी होते. की कंपनीच्या वार्षिक तपासणीला रक्त द्यायचं असतं तेव्हा आदल्या दिवसापासून तुला जेवण जात नाही. की उंचीची तुला कधीच भीती वाटली नाही, पण पाठीवर झोपून छताकडे बघायची वाटते, म्हणून तू पालथा झोपतोस. मी हे सगळं पहिल्यांदा ऐकत होते.

मी म्हटलं, "मला वाटलं तू माझ्यावर रागावून गेलास."

तू म्हणालास, "रागावून नाही. तू पुन्हा कधीतरी आजारी पडणार आणि सगळे माझ्याकडे बघणार, म्हणून गेलो. आणि मी हो म्हणेन, म्हणून."

तेव्हा मी रडले. तुला ते नाराजीचं रडणं वाटलं, आणि तू माफ कर म्हणायला लागलास. तसलं नव्हतं ते. कसं सांगू? तू नाही म्हणालास आणि माझ्या छातीवरून कुणीतरी उठून गेल्यासारखं झालं. इतकी वर्षं तू माझ्यासाठी फक्त एक हो होतास. एवढा मोठा हो की त्याच्या खाली मला हलता येत नव्हतं, आणि तुलाही. काल पहिल्यांदा पलीकडे माझा भाऊ होता, जो भितो, ज्याला पालथं झोपावं लागतं, जो आईला तोंडावर नाही म्हणू शकतो. मला तर आजवर ते जमलेलं नाही.

आई बराच वेळ कठड्याला धरून उभी होती. फोन ठेवल्यावर तिने मला विचारलं, "रागावलाय का तो माझ्यावर?" मी सांगितलं, नाही, घाबरलाय. ती म्हणाली, मग ठीक आहे, मीही घाबरलेय. आणि आत जाऊन तिने कणीक तिंबायला घेतली, नको इतकी.

आता रिपोर्ट. काल सांगायचा राहिला. रक्तात विषाणू सापडत नाही. गोळ्या अजून काही आठवडे आहेत, तरी सापडत नाही. ठिपके गेलेत, नडगीवर तपकिरी डाग राहिलेत, गंजासारखे. फेस खूप कमी झालाय. किडनी निम्म्यावर येऊन थांबलीय. डॉक्टर म्हणतात, वर फार जाणार नाही, पण खालीही जायचं कारण उरलेलं नाही. मग त्यांनी पुढे हेही सांगितलं, की विषाणू गेल्यावरसुद्धा ती गोठणारी प्रथिनं काही जणांच्या रक्तात रेंगाळतात, कधी परत डोकं काढतात. म्हणजे नळी थर्मासमधून जातच राहणार. मी सकाळी उठले की आधी पाय बघते, मग आरशात डोळे. ते सुटणार नाही बहुतेक. भीती गेली असं तुला खोटं लिहीत नाही.

बोटांची टोकं अजून बधिर आहेत. मेणात आता मला हात घालता येत नाही. मालकांनी मला छटा जुळवायचं काम दिलंय. पेशंटला खिडकीपाशी बसवायचं आणि त्याच्या उरलेल्या दातांशी नव्याचा रंग मिळवायचा. त्याला बोटं लागत नाहीत, डोळे लागतात. कोरण्याची सर नाही त्याला. पहिल्या दिवशी घरी येऊन उशीत तोंड खुपसून पडले होते. पण लोक खिडकीत तोंड उघडून बसले की गप्पा मारायचा प्रयत्न करतात, आणि एकही शब्द धड येत नाही, त्याची मजा वाटते.

एक राहिलं. काल बोलताना मधेच तू 'स्स' केलंस आणि म्हणालास, काही नाही, खालची दाढ ठणकतेय, कधीची. कधीची म्हणजे काय? आणि इतके दिवस काय करतोयस, वेदनेच्या गोळ्या खातोयस? दवाखान्याच्या वासाची भीती मला मान्य, बाकी सगळ्याला माफ, याला नाही. दाढेचा पू जबड्यात उतरतो तेव्हा काय होतं ते मी साच्यांमध्ये रोज बघते. दातांच्या दवाखान्याला वेगळा वास असतो, लवंगेचा, तुला चालेल. पाठीवर झोपवतात, तेवढं खरं. खुर्ची पूर्ण आडवी करू नका म्हणून आधीच सांगायचं, करतात ते तसं, मी कितीतरी जणांना सांगितलंय. बरोबर कुणाला तरी घेऊन जा. आणि तोंडात काय निघालं ते मला फोन करून सांगायचं, कार्डावर दोन शब्द टाकायचे नाहीत. या आठवड्यातच जायचं. ऐकतोयस ना?

तुझी
ताई